प्रोटॉनची थप्पी

घरातली हजार वॅटची इस्त्री साधारण ४ अँपिअर वीज घेते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत मात्र एका निर्वात नळीतून, तारेशिवाय, ५७ अँपिअरपर्यंतचा प्रवाह फिरवला गेला होता, आणि तोही निव्वळ प्रोटॉनचा. हे कसे जमले, ते आज आम्ही वाचकांसमोर मांडत आहोत.

प्रोटॉनच्या टकरींचा विषय निघाला की सगळे ऊर्जेचेच कौतुक करतात. आमच्या मते खरी अडचण संख्येची होती. प्रोटॉन इतका लहान, की समोरासमोर आलेल्या दोन झोतांतले जवळजवळ सगळे कण एकमेकांना न शिवता निघून जातात. म्हणून गर्दी वाढवायची. दोन्ही झोत दुप्पट केले की टकरी चौपट होतात. पण प्रोटॉन पुरवणारे यंत्र एका खेपेला थोडेच देई.

सर्नच्या ‘आयएसआर’ यंत्रात ९४३ मीटर घेराची दोन कडी होती, एकमेकांना ८ ठिकाणी छेदणारी. तिथे नवी खेप आधीच्या खेपेवर ओतत नसत. किंचित वेगळी ऊर्जा देऊन ती आधीचीला लगटून ठेवत, चादरींची थप्पी लावावी तशी. अशा शेकडो खेपा! ही युक्ती आधी इलेक्ट्रॉनच्या एका छोट्या कड्यात पारखून घेतली होती. २७ जानेवारी १९७१ रोजी प्रोटॉनच्या दोन झोतांची पहिली टक्कर झाली.

प्रत्येक प्रोटॉन सेकंदाला ३ लाखांहून जास्त फेऱ्या मारी, म्हणून प्रवाह एवढा मोठा. नाहीतर ५७ अँपिअरमधले सगळे प्रोटॉन मिळून वजन ग्रॅमच्या जेमतेम दोन अब्जांश!

पुढे प्रवाह वाढू लागला तशी नळीच आडवी आली. आत उरलेल्या वायूचे आयन झोताने ढकलले जाऊन भिंतीवर आदळत. भिंतीला चिकटलेले रेणू सुटत, वायू वाढे, आणखी आयन तयार होत. बघता बघता जमवलेला झोत वाया जाई. मग नळ्या ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्या, अरगॉन वायूच्या विद्युत्झोताने आतून स्वच्छ केल्या, जादा पंप बसवले. अशी सबुरीने एकेक जागा साफ होत गेली, तेव्हा कुठे अँपिअर वाढले.

आयएसआर १९८४ मध्ये बंद झाले. आजच्या ‘एलएचसी’मध्ये प्रवाह सुमारे अर्धा अँपिअरच असतो, पण टकरीच्या जागी झोत केसाहून बारीक आवळलेला असतो. तिथे भिंतीतून सुटणारे इलेक्ट्रॉन त्रास देतात. यंत्र दीर्घकाळ बंद राहून पुन्हा सुरू झाले, की आधी काही दिवस झोत फिरवूनच नळी घासून घ्यावी लागते.