ही रेघ शाईची की हुकमाची?

पडद्यावर पेनाने एक बंद आकृती काढायची. वेडीवाकडी असली तरी चालते, फक्त सुरुवात आणि शेवट जुळले पाहिजेत. पेन उचललं की ती आकृती फुगते! जिथे रुंद होती तिथे जाडजूड, जिथे चिंचोळी होती तिथे बारीक, अशी गुबगुबीत त्रिमितीय वस्तू समोर उभी राहते. आता तिच्या अंगावर एक छोटं वर्तुळ काढा, वस्तू थोडी फिरवा आणि त्या वर्तुळापासून बाहेर जाणारी रेघ ओढा. झाला कान! बाहेरून सुरू होऊन अंगावरून पलीकडे गेलेली रेघ मात्र सुरीसारखी कापत जाते.

ताकेओ इगाराशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेला हा प्रोग्रॅम म्हणजे ‘टेडी’. तो आकृतीच्या मधोमध जाणारा कणा शोधतो आणि कडेपासून जेवढा लांब तेवढा तो उचलतो. एवढ्याशा हिशेबातून अस्वल जन्माला येतं. पण मला याहून विलक्षण वाटते ती दुसरीच गोष्ट. पेनाला टोक एकच, आणि त्या टोकाला येते फक्त रेघ. तरी कुठली रेघ म्हणजे शरीर, कुठली कान आणि कुठली सुरी, हे ती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली यावरून यंत्राला उमगतं.

रेघ शाईची की हुकमाची, हा प्रश्न पडद्यावरच्या पेनाइतकाच जुना आहे. अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत टीएक्स-२ या संगणकावर आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ घडवला आणि १९६३ मध्ये त्यावर प्रबंध सादर केला. त्यांचं प्रकाश-पेन लिहीत नसे, ते बघत असे. संगणक पडद्यावर एकेक ठिपका उजळवत जाई. ज्या क्षणी पेनाला उजेड दिसला, त्या क्षणी कोणता ठिपका उजळला होता हे संगणकाला ठाऊक, म्हणजे पेन कुठे आहे तेही ठाऊक! उजव्या हातात पेन आणि डावा हात हुकमाच्या बटणांवर. वाकडातिकडा चौकोन काढून समोरासमोरच्या बाजू समांतर हव्यात असं सांगितलं, की तो आपला आपण सरळ होई. रेघ संपली हे कळवायला पेनाला चटकन एक झटका द्यायचा.

बटणं कमी करता येतील का? टोरंटोत गॉर्डन कुर्टेनबाख आणि बिल बक्स्टन यांनी नव्वदीच्या दशकात दिलेलं उत्तर मला या सगळ्या क्षेत्रातलं सर्वांत सुंदर वाटतं. पेन टेकवून सेकंदाचा साधारण एक तृतीयांश भाग थांबलं, की टोकाभोवती गोल मेनू उमलतो. समजा ‘पुसा’ उजवीकडे वर आहे, तर पेन तिकडे ओढायचं. पुन्हा हवं असेल तर पुन्हा तिकडेच. काही दिवसांनी हाताला दिशा पाठ होते. मग थांबायचंच नाही, टेकवून झर्रकन रेघ मारायची. मेनू दिसतही नाही, काम झालेलं असतं. नवशिक्या जी हालचाल करतो तीच सराईतही करतो, त्यामुळे रोजचं प्रत्येक काम हा आपोआप सराव ठरतो. त्यांच्या एका अभ्यासात अशी खूण मेनूतून निवडण्यापेक्षा सरासरी साडेतीन पट जलद निघाली. माझ्या मते वेगाहून मोलाचं हे, की नजर चित्रावरून हलत नाही. डोळ्याची पापणी रंगवताना कोपऱ्यातल्या चिन्हांकडे धाव घ्यावी लागली, की मनातली पापणी पुसट होते. माया या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये असे मेनू आजही हाताखाली असतात.

डावा हात मात्र मोकळाच राहिला होता. मायक्रोसॉफ्टमध्ये केन हिंकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसं कागद, वही, कात्रणं कशी हाताळतात ते न्याहाळलं आणि २०१० मध्ये एक प्रयोग मांडला. पेन लिहिणार, बोटं वस्तू हलवणार, आणि दोन्ही एकत्र आली की नवं हत्यार तयार होणार. पडद्यावरचा फोटो बोटाने दाबून धरा आणि पेन त्याच्यावरून आरपार ओढा, फोटो कापला जातो. तसाच दाबून धरून पेनाने बाहेर ओढला, तर त्याची प्रत निघते. त्याच्या कडेला पेन लावून ओढलं तर फोटोच पट्टी होतो आणि रेघ सरळ येते. यातल्या कशासाठीही वेगळं चिन्ह शोधावं लागत नाही. बोट उचललं की पट्टी नाही, सुरी नाही, तेच पेन पुन्हा नुसतं लिहू लागतं.