लेखांक ७ : काट्यावरची गाडी

भरलेले वजन, रिकामे वजन आणि त्या दोहोंतला फरक ही गोष्ट धाराशिव जिल्ह्यात कोणाला नव्याने समजावून सांगावी लागत नाही. ढोकीच्या तेरणा कारखान्यापासून आजच्या खासगी कारखान्यांपर्यंत उसाची गाडी आधी भरलेली काट्यावर चढते, ऊस गव्हाणीत पडल्यावर तीच रिकामी होऊन पुन्हा चढते, आणि वजा करून उरलेल्या आकड्यावर शेतकऱ्याचे वर्ष ठरते. ज्या घरात हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत तेल घालून पाहिला जातो, तेच घर मोठी, आलिशान एसयूव्ही घ्यायला निघाले की किंमत, इंजिन, सनरूफ आणि रंग यांची चौकशी करते, पण गाडीचे वजन क्वचितच विचारते. वास्तविक या वर्गाच्या गाड्यांत घाटातली सुरक्षितता, टायरचे आयुष्य, इंधनाचा खर्च आणि सहकुटुंब प्रवासाची सोय या चारही बाबी मुळात वजनाशी बांधलेल्या असतात.

माहितीपत्रकात जो आकडा ‘कर्ब वेट’ या नावाने छापलेला असतो, तो चालवण्यास पूर्ण सज्ज असलेल्या रिकाम्या गाडीचा असतो. कर्ब म्हणजे रस्त्याकडेचा दगडी काठ. त्या काठाला लावून ठेवलेली आणि कळ दाबताच निघू शकेल अशी गाडी, म्हणजे इंजिन ऑइल, कूलंट, बॅटरी, स्टेपनी, जॅक आणि टाकीतले इंधन यांसह, परंतु आत माणूस वा सामान नसताना, जितकी भरेल तितके तिचे कर्ब वेट. याउलट ‘ड्राय वेट’मध्ये इंधन व इतर द्रव धरलेले नसतात, त्यामुळे तो आकडा नेहमीच हलका दिसतो, ८० लिटरची टाकी डिझेलने भरली तर तेवढ्यानेच सुमारे ६६ किलो वाढतात. युरोपीय पद्धतीत आणखी एक भेद आहे, तो असा की तिथे गाडीच्या सज्ज वजनात ७५ किलोचा चालकही धरतात. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी चालक आणि इंधन धरले आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ‘भाररहित वजन’ ही संज्ञा याच अर्थाच्या जवळची आहे. वाहनाबरोबर नेहमी वापरली जाणारी साधने धरून, पण चालक व परिचर वगळून येणारे वजन, अशी तिची व्याख्या असून एमएच २५ क्रमांकाच्या प्रत्येक गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर ते नोंदवलेले असते. त्याच कायद्यातील दुसरी संज्ञा ‘एकूण वाहन वजन’ ही आहे, आणि तिचा अर्थ गाडी व भार मिळून परवानगी असलेली कमाल मर्यादा असा आहे. या मर्यादेतून कर्ब वेट वजा केले की उरतो तो पेलोड, म्हणजे ग्राहकाला खरोखर वापरायला मिळणारा भार. विक्रेत्याच्या तोंडी हा शब्द सहसा येत नाही, मात्र या लेखांकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आकडा तोच.

समजा, एखाद्या सात आसनी एसयूव्हीचे कर्ब वेट २,२५० किलो आणि एकूण वाहन वजन २,८०० किलो आहे; म्हणजे पेलोड ५५० किलो. सरासरी ६८ किलोची सात माणसे बसली की ४७६ किलो संपतात आणि सामानासाठी ७४ किलो राहतात. नवरात्रात तुळजापूरला निघालेल्या कुटुंबाच्या बॅगा, पाण्याचा कॅन, डबे, छतावरचे कॅरिअर आणि त्यावर बांधलेले गाठोडे यांना तेवढी जागा पुरत नाही, आणि सव्वादोन टनांची दणकट गाडी प्रत्यक्षात मर्यादा ओलांडून धावू लागते. त्यातच पुढे लोखंडी गार्ड बसवलेला असेल तर त्याचे वजनही याच ५५० किलोंतून जाते, आणि तेही पुढच्या चाकांच्या पुढे लोंबकळत. असे गार्ड कायद्याच्या कलम ५२ चा भंग करतात, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे.

वजनदार गाडी म्हणजे मजबूत गाडी, हा समज मराठवाड्यात खोल रुजलेला आहे. दार लावताना होणाऱ्या दमदार आवाजावरून गाडीची पारख केली जाते. या समजाला उत्तर देणारे उदाहरण फार लांबचे नाही. धाराशिवहून बीडमार्गे ज्या छत्रपती संभाजीनगरला जाता येते, तिथल्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत ऑडी क्यू ७ ची जुळणी होते. या गाडीची दुसरी पिढी २०१५ साली आली, तेव्हा कंपनीने तिचे वजन आधीच्या पिढीपेक्षा कमाल ३२५ किलोंनी उतरवल्याचे जाहीर केले होते. तीन लिटर डिझेल इंजिनाच्या गाडीचा आकडा १,९९५ किलो असा दिला गेला, आणि तो चालकाविना होता. सांगाड्यात पोलाद व ॲल्युमिनियम यांची सांगड घालून आणि चाकांच्या जोडणीचे भाग हलके करून हे साधले. मजबुती कुठल्या धातूची, कुठे आणि कशी जोडणी केली यावर असते. किलोंच्या बेरजेवर नसते.

घाटात मात्र किलोंची बेरीज चुकत नाही. तुळजापूरचा किंवा येडशीजवळचा रामलिंग घाट उतरताना गाडी जितकी उंची खाली येते, तितकी ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावीच लागते, आणि इंजिनाच्या रोधाने जी आवरली जात नाही, ती ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन साठते. माणसांसह २,८०० किलोंची गाडी १०० मीटर खाली उतरली की सुमारे पावणेतीन दशलक्ष ज्यूल ऊर्जा मोकळी होते, जी २५ अंशांचे पावणेनऊ लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी असते. १,४०० किलोंच्या गाडीत ती बरोबर निम्मी असते. सपाट रस्त्यावर एकदाच करकचून ब्रेक दाबला तर चांगल्या टायरांची जड गाडीही हलक्या गाडीइतक्याच अंतरात थांबू शकते, हे खरे आहे; फरक पडतो तो ब्रेक पुन्हा पुन्हा दाबावे लागतात तेव्हा. म्हणून जड गाडीच्या धन्याने खालचा गिअर वापरण्याची सवय आणि ब्रेक पॅडचा खर्च या दोन्हींची तयारी ठेवलेली बरी. हंगामात रात्री मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते, तेव्हा अडीच टनांचा वेग आवरायचा असतो आणि धोका एसयूव्हीत बसलेल्यांपेक्षा ट्रॉलीच्या टोकावर बसलेल्या मजुराला अधिक असतो, याचाही विचार घेणाऱ्याच्या मनात असावा.

देशाची धोरणेही वजनाकडे पाहतात. कारखानदारांसाठीच्या इंधनवापराच्या नियमांच्या दुसऱ्या टप्प्यात सरासरी गाडीचे वजन १,१४५ किलो गृहीत धरले आहे. आलिशान एसयूव्ही त्याच्या दुप्पट. फ्रान्समध्ये तर २०२२ पासून १,८०० किलोंच्या पुढील गाड्यांवर वजनाचा स्वतंत्र कर लागला आणि २०२४ मध्ये ती मर्यादा १,६०० किलोंवर आली. विजेवरच्या मोठ्या गाड्या बॅटरीमुळे आणखी जड असतात, पण उतारावरची काही ऊर्जा त्या बॅटरीत परत घेतात.

जुनी आलिशान गाडी पुण्या-मुंबईहून आणताना वजनाची खात्री करण्याचा मार्ग गावाजवळच असतो. टाकी भरून, गाडी रिकामी करून ती वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन करावे, मग पूर्ण गाडी. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की मागच्या चाकांवरचा भार कळतो. ट्रकांसाठी बांधलेला काटा काही किलोंचा फरक दाखवील, तो सोडून द्यावा. परंतु प्रमाणपत्रावरील आकड्यापेक्षा दीडशे-दोनशे किलो जास्त भरले, तर काय काय बसवले आहे ते विकणाऱ्याला विचारावे. त्यानंतर खाली बसून टायरची बाजू वाचावी. २६५/६० आर १८ या मापापुढे ११० लिहिले असेल, तर तो टायर जास्तीत जास्त १,०६० किलो पेलतो आणि ११२ असेल तर १,१२०. मागच्या दोन टायरांची बेरीज, मागे बसणारी माणसे आणि सामान धरून येणाऱ्या भाराहून कमी भरत असेल, तर सौदा ठरण्याआधी टायर बदलून मागावेत.