शंकूवाल्यांची उघडी पोथी

पुण्यात कोणी ‘कुठे राहता?’ असे विचारले आणि आपण ‘येरवड्याला’ असे उत्तर दिले, की विचारणारा क्षणभर आपल्याकडे निरखून पाहतो. मध्यवर्ती कारागृह येरवड्याला, मनोरुग्णालयही येरवड्याला. तेव्हा हा गृहस्थ नेमका कोठून सुटून आला असावा, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटतो. मी या प्रश्नाला केव्हाच सरावलो आहे. अलीकडे मात्र या दोन प्रसिद्ध संस्थांच्या आसपास काचेच्या उंच इमारती उठल्या आहेत आणि गळ्यात ओळखपत्राची फीत अडकवलेली तरुण मंडळी संध्याकाळी चहाच्या टपऱ्यांवर गर्दी करू लागली आहेत. त्यांत माझे काही जुने विद्यार्थीही असतात. मराठी हा विषय त्यांनी गुण मिळवण्यापुरता घेतला होता; पण मास्तर दिसले की चहा पाजण्याइतकी कृतज्ञता त्यांच्या ठायी शिल्लक आहे. आज जी हकिकत सांगणार आहे ती अशाच फुकटच्या चहाबरोबर माझ्या वाट्याला आली. आणि हकिकतही फुकटच्याच एका वस्तूची आहे.

वाचकहो, तुमच्या घरातल्या संगणकावर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा एक शंकू बहुधा असेल. रस्ता खणला की महापालिका ठेवते तसला. त्यावर बोट ठेवले की लग्नाची चित्रफीत, कीर्तनाचे ध्वनिमुद्रण, नातवाने पाठवलेला चित्रपट, जे काय असेल ते सुरू होते. याचे नाव व्हीएलसी. दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरने हात टेकले की लोक ‘शंकूत लावून बघ’ म्हणतात. ते कोणी केले, कशासाठी केले, पैसे का घेत नाहीत, हे मात्र कोणी विचारत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूच्या कुळाची चौकशी करू नये असा आपल्याकडे रिवाजच आहे.

तर हे कूळ पॅरिसजवळचे. तिथल्या एकोल सान्त्राल नावाच्या नामांकित अभियांत्रिकी विद्यालयात मुलांच्या वसतिगृहाचे संगणकांचे जाळे मुलेच चालवीत. ते जाळे अगदी मंद होते, आणि मुलांना एकमेकांशी संगणकावरचे खेळ खेळायचे होते. पण ‘आम्हाला खेळायला वेगवान जाळे द्या’ असा अर्ज कोणत्या प्राचार्यांनी मंजूर केला असता? तेव्हा १९९५-९६ च्या सुमारास त्यांनी एक युक्ती काढली. प्रत्येक खोलीसाठी उपग्रहवाणीची वेगळी तबकडी आणि वेगळा डबा घेण्याऐवजी एकच मोठी तबकडी लावावी आणि जाळ्यातून चित्र खोल्याखोल्यांत पोचवावे! चित्र वाहून न्यायचे म्हटले की जाळे वेगवान हवेच. अशा रीतीने १९९६ साली व्हिडिओलॅन प्रकल्प जन्मला. त्यात चित्र पाठवणारा एक भाग होता आणि ते घेऊन दाखवणारा दुसरा. या दुसऱ्या भागाचे नाव ‘व्हिडिओलॅन क्लायंट’, त्याचेच पुढे व्हीएलसी झाले. शंकूचे मूळही तिथलेच. जाळे सांभाळणाऱ्या मंडळातली पोरे रात्री-बेरात्री रस्त्यावरचे शंकू उचलून आणीत आणि खोलीत रचून ठेवीत. आमच्या वसतिगृहातही असली लूट जमत असे. तिचे बोधचिन्ह मात्र कोणी केले नाही.

इथवरची गोष्ट कॉलेजातल्या उनाडक्यांची आहे. खरी गोष्ट १ फेब्रुवारी २००१ पासून सुरू होते. त्या दिवशी, विद्यालयाच्या चालकांची संमती मिळाल्यावर, प्रकल्पाचा सगळा मूळ मजकूर, म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांची अख्खी पोथी, ‘जीपीएल’ नावाच्या परवान्याखाली जगाला मोकळी करण्यात आली. हे मोकळे करणे म्हणजे काय, ते दिवाळीच्या दिवसांत समजावणे सोपे आहे. शेजारच्या काकूंच्या चकल्या खुसखुशीत होतात. काकू आपल्याला चकल्या देतात, पण भाजणीचे प्रमाण विचारले की ‘अंदाजानेच घालते हो’ म्हणून हसतात. बाजारातले बहुतेक सॉफ्टवेअर असे काकूंचे असते. चकली मिळते, प्रमाण मिळत नाही. जीपीएलवाले चकलीबरोबर प्रमाणही लिहून देतात. वाटेल त्याने वाचावे, तिखट वाढवावे, तीळ घालावेत, विकावेसुद्धा. अट एवढीच, की सुधारलेली चकली दुसऱ्याला देशील तेव्हा तुझेही प्रमाण उघडे करून दे.

हा विचार परदेशी आहे आणि नव्या यंत्रयुगाचा आहे, असे आपण चटकन म्हणून टाकतो. पण येरवड्यात राहणाऱ्याला तसे म्हणता येत नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. चरखा हलका, कुठेही नेता येण्याजोगा हवा, किंमत १५० रुपयांवर जाता कामा नये, अशा कडक अटी होत्या. त्यांतली माझ्या आवडीची अट अशी की शोधकाने हवे तर पेटंट घ्यावे, पण बक्षीस हवे असेल तर ते पेटंट संघाच्या स्वाधीन करावे. म्हणजे कसब तुमचे, पण कुलूप तुमचे नाही! किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही एक नमुना खपून तयार करण्यात आला होता. बक्षीस कोणालाच मिळाले नाही हे खरे. पण पुढे गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना, १९३० नंतरच्या त्या काही वर्षांत, पेटीत मिटवून नेता येणारा आडवा चरखा सिद्ध झाला आणि ‘येरवडा चक्र’ या नावाने देशभर सुतारांनी तो करून विकला. कोणी कोणाकडे परवानगी मागितली नाही.

आणि जमावाने मिळून, पिढ्यान्‌पिढ्या एकच काम पुढे नेण्याचे म्हणाल, तर त्याचा धडा घ्यायला मला पॅरिसला जायची गरज नाही. आमच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचे काम १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने सुरू झाले. दीड हजारांच्या आसपास ग्रंथ चाळून सुमारे १ कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, आणि खंडामागून खंड निघत राहिले तरी ‘अ’ हे अक्षर काही सरेना. शंकूवाल्यांचा कारभार मला या चिठ्ठ्यांच्या कपाटांचाच भाऊबंद वाटतो. कोणी एक माणूस रात्री जागून एक छोटी दुरुस्ती पाठवतो. दुसरा ती तपासतो, खोट काढतो, परत करतो. तिसरा पोथीत चिकटवतो. फरक एवढाच, की इथे चिठ्ठी लिहिणारा नॉर्वेत असतो आणि तपासणारा व्हिएतनामात असू शकतो.

हे सगळे गोडीगुलाबीने चालते असे मात्र समजू नका. विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हटल्यावर विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातात हा पहिला रोग. दोन-तीन माणसे उरली अशीही वेळ एकदा आली होती. झाँ-बाप्तिस्त केम्फ या माजी विद्यार्थ्याने तो डोलारा सावरला आणि २००९ मध्ये विद्यालयापासून वेगळी, नफा न घेणारी संस्था स्थापन झाली. जाहिराती घाला म्हणून कोट्यवधींची बोलणी घेऊन लोक आले. केम्फने ती नाकारल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. दुसरा रोग भांडणांचा. ॲपलच्या दुकानात २०१० साली हे सॉफ्टवेअर ठेवले गेले, तेव्हा प्रकल्पातल्याच एका कर्त्या कार्यकर्त्याने हरकत घेतली, की त्या दुकानाचे नियम आपल्या परवान्याशी जुळत नाहीत. जानेवारी २०११ मध्ये ते तिथून निघाले. आता परवाना सैल करायचा, तर ज्याने ज्याने एखादी ओळ लिहिली आहे त्याची संमती पाहिजे! वडिलोपार्जित वाड्याच्या सातबाऱ्यावर सह्या गोळा करण्यासारखेच हे. शेकडो लोकांचा माग काढून, पत्रे धाडून, काही भाग नव्याने लिहून ते काम २०११-१२ मध्ये उरकले आणि जुलै २०१३ मध्ये शंकू त्या दुकानात परत आला. वाड्यांचे खटले याहून लवकर मिटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातल्या मुलांनी वीसएक मिनिटांचा एक बोलपट केला. लक्ष्मीनगरात तो दाखवायचा होता. तिथल्या एका आजोबांना ऐकू येत नसे, म्हणून पोरांनी हौसेने खाली मराठी संवादपट्ट्या घातल्या, आणि त्या तपासण्याचे काम माझ्याकडे आले. मी पाहतो तो पडद्यावर ‘दिवाळी’च्या जागी ‘दविाळी’! जोडाक्षरे फुटलेली, पाय मोडके, वेलांट्या भलत्याच अक्षराच्या गळ्यात. मी मुलांना ओरडणार, तेवढ्यात एकाने मूळ मजकूर उघडून दाखवला. तो बिनचूक होता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणक ‘दि’ साठवतो तो आपण उच्चारतो त्या क्रमाने: आधी द, मग ऱ्हस्व इकार. पण लिहिताना वेलांटी आधी येते. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक मांडली की काम भागते. देवनागरीत मात्र कोणाला पुढे घ्यायचे, कोणाला डोक्यावर चढवायचे, कोणाला अर्धे करायचे, हे ठरवणारा एक खिळे जुळवणारा कारागीर यंत्रात बसवावा लागतो. तो नसेल तर द च्या पुढे वेलांटी जशीच्या तशी पडते आणि व च्या डोक्यावर बसते. आपल्या मराठीचे तर आणखी एक दुखणे आहे. आचार्यांना नमस्कार करायचा असतो आणि आचाऱ्यांना बुंदी पाडायला सांगायची असते. त्या एका अर्ध्या र वर सगळ्या लग्नाची भिस्त असते. रफाराच्या जागी हा चंद्रकोरीसारखा र दाखवण्याची तसदी हिंदीपुरता विचार करणाऱ्याने घेण्याचे कारणच नाही.

हा खिळे जुळवणारा कारागीर म्हणजे ‘हर्फबझ’ नावाचा आणखी एक उघडा प्रकल्प. बेहदाद एस्फाबोद या इराणी वंशाच्या तज्ज्ञाने तो आकाराला आणला. नाव फारसीतले, अर्थ साधारण ‘उघडे अक्षर’. फेब्रुवारी २०१८ मध्ये व्हीएलसीची तिसरी आवृत्ती आली तेव्हा संवादपट्ट्या लिहिण्याचे काम या हर्फबझच्या मदतीने होऊ लागले. वर्तमानपत्रांनी त्या आवृत्तीबद्दल लिहिले ते अतिस्पष्ट चित्राविषयी आणि बिनतारी पडद्यावर चित्र धाडण्याविषयी. वेलांटी जागेवर आली ही बातमी कोणी छापली नाही. आणि नुसता कारागीर असून भागत नाही, खिळेही लागतात. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी ‘लोहित’ नावाचे भारतीय भाषांचे टंक वर्षानुवर्षे सांभाळले आणि तेही मोकळे ठेवले. अशा एकावर एक तीन-चार फुकटच्या पोथ्या रचल्या, तेव्हा कुठे लक्ष्मीनगरातल्या आजोबांना ‘दिवाळी’ नीट वाचता येते. आमचा बोलपट त्यांनी त्या दिवशी मोडक्या अक्षरांतच पाहिला, तरी संपल्यावर म्हणाले, “मुलं काय बोलतात ते पहिल्यांदा कळलं. शुद्धलेखन मात्र सुधारा, मास्तर.” मी काय बोलणार?

फुकटच्या वस्तूला धनी नसतो, त्याचा फटकाही एकदा आपण खाल्ला. फेब्रुवारी २०२२ पासून व्हिडिओलॅनचे अधिकृत संकेतस्थळ भारतात अनेकांना उघडेना. कोणी बंद केले, का केले, याची सूचना ना संस्थेला आली, ना लोकांना कारण कळले. ज्यांच्याकडे शंकू होता त्यांचा चालत होता. नव्याने घेऊ पाहणारे मात्र भलत्यासलत्या ठिकाणांहून उतरवून घेऊ लागले, आणि धोका आहे तो नेमका तिथेच. ऑक्टोबरमध्ये ‘इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन’च्या साहाय्याने संस्थेने सरकारला कायदेशीर नोटीस दिली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदी उठली. एखाद्या बड्या कंपनीचे दुकान नऊ महिने असे बिनबोभाट बंद राहिले असते, असे मला वाटत नाही.

नंतरची वार्ता अशी. चौथी आवृत्ती येणार, येणार म्हणून २०२१ च्या आरंभी गाजावाजा झाला. २०२५ उजाडले तरी पक्की प्रत बाहेर पडली नव्हती. कोशाच्या ‘अ’ची सवय असल्याने मला त्याचे नवल वाटले नाही. त्याच २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या प्रदर्शनात मंडळींनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, शंकू आजवर ६ अब्ज वेळा उतरवून घेतला गेला. दुसरी, बोललेले ऐकून संवादपट्ट्या आपोआप लिहिणारी व भाषांतरही करणारी सोय ते करीत आहेत, आणि ती घरच्याच संगणकावर चालेल. तुमचे बोलणे बाहेर कोठे जाणार नाही. ऐकू न येणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट होईल. यंत्र वऱ्हाडी आणि मालवणी कशी ऐकते ते मात्र मी स्वतः पाहीन तेव्हा खरे.

व्हीएलसी मराठी पाट्यांसह वापरता येते हे अनेकांना ठाऊक नसते. या पाट्यांची भाषांतरेही अशीच हौशी माणसे करतात, आणि माझा एक विद्यार्थी त्यांत हात घालू पाहतो आहे. परवा तो कागद घेऊन प्राध्यापकांच्या खोलीत आला. यंत्राच्या बटणावर ‘चालव’ लिहावे, ‘चालवा’ लिहावे की ‘चालवणे’? यंत्राने माणसाला अहोजाहो करायचे, की माणसाने यंत्राला अरेतुरे? संस्कृतच्या बाईंनी ‘चालन’ सुचवले, ते एकमताने फेटाळले गेले. ‘म्यूट’साठी ‘मूक’ पुढे आले. कोणी म्हणाले, ‘आवाज बंद’ लिहा, घराघरांत तोच हुकूम समजतो. ‘चालवा’ शेवटी मान्य झाले. ‘पॉज’वर तासाची घंटा झाली तरी एकमत नव्हते.