प्रयोगशाळेतील पहिली पायरी

बिद्री परिसरात ‘लॅब’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती साखर कारखान्याची; उसाच्या रसाचा ब्रिक्स आणि पोल काढणारी. तिच्या आकड्यांचा संबंध थेट उताऱ्याशी असल्याने तिचे महत्त्व कोणाला पटवून द्यावे लागत नाही. मात्र मुलाने वा मुलीने वैद्यकीय संशोधनाच्या प्रयोगशाळेत कनिष्ठ तंत्रज्ञ म्हणून जावे, असा विषय निघाला की पेढीवरच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. बाटल्या धुण्यासाठी का बी.एस्सी. केले, असा त्यांचा प्रश्न असतो.

तेवढे हलके ते काम नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या मनुष्यबळावर लस तयार करण्यास आरंभ केला. चंबूतील रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत आणि त्यांच्या आधाराने प्लेगच्या जंतूंचे तंतू खाली लोंबत वाढत. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली.

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला, असे साक्षींतून पुढे आले. हाफकिन यांच्यावरील ठपका दूर होण्यास १९०७ साल उजाडले.

आजही नवख्या तंत्रज्ञाचा दिवस याच दक्षतेत जातो. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर चालवणे, पिपेटने थेंब मोजणे, नळ्यांवर चिठ्ठ्या लावणे, फ्रीझरचे तापमान टिपणे. नोंदवही तर आपल्या किर्दीची सख्खी बहीण! तीत खाडाखोड चालत नाही. चुकीवर एकच रेघ, शेजारी सही आणि तारीख.

राहिला प्रश्न हिंसेचा, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. अनेक संशोधनांत उंदीर, ससे वापरतात. त्यांच्यासाठी १९६० चा कायदा आहे, संस्थेची प्राणी नैतिकता समिती आहे. प्राण्यांऐवजी अन्य पद्धती वापराव्यात, हा विचार रसेल व बर्च यांनी १९५९ सालीच मांडला. परंतु केवळ पेशींवर काम चालते म्हणून निश्चिंत होऊ नये. पेशी वाढवण्याच्या द्रवात बहुधा गाईच्या गर्भातील वासराच्या रक्ताचे सीरम असते. सीरमविरहित द्रव सर्व पेशींना मानवत नाहीत. श्रावकाला उद्योगी हिंसा पूर्णतः टळत नाही, संकल्पी हिंसा मात्र वर्ज्य. प्रयोगासाठी घेतलेला जीव यांपैकी कोणत्या खात्यावर मांडावा, याविषयी घरात मतभेद होतील. ते नेमणुकीपूर्वीच व्हावेत, हे बरे. मुलाखतीत उमेदवाराने स्पष्ट विचारावे : प्राणी हाताळावे लागतील काय? सीरम कोणते वापरता? हे विचारण्यात संकोच कसला? माल घेताना आपण याहून बारीक चौकशी करतो.

प्राणी न हाताळण्याची अट घालून रक्तनमुने, जनुकीय तपासण्या किंवा जंतुशास्त्र यांच्या विभागात काम मागता येते. ती मान्य झाली, तर नेमणूकपत्रात लिहून घ्यावी.