लॅपटॉप प्रक्रियकाची निवड

लॅपटॉपमधील प्रक्रियक (प्रोसेसर) म्हणजे संगणकाला मिळालेल्या सर्व आज्ञा पार पाडणारी मुख्य चिप होय. संगणकाची गती, विजेचा वापर, तापमान आणि उपयुक्त आयुष्य या चारही बाबी मोठ्या प्रमाणात त्यावर अवलंबून असतात. मेजावरील संगणकात प्रक्रियक काढून दुसरा बसवता येतो. साधारण २०१५ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये मात्र तो मुख्य पटलावर कायमचा जोडलेला असतो. त्यामुळे खरेदीच्या वेळी केलेली निवड पुढे बदलता येत नाही.

बदलाची आवश्यकता

जुना संगणक मंद चालण्याचे कारण प्रत्येक वेळी प्रक्रियक हेच असते असे नाही. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम ही त्याची नेहमीची कारणे आहेत. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यास आणि रॅम ८ जीबीपर्यंत वाढवल्यास अनेक जुने संगणक लेखन, हिशेब व इंटरनेट यांसाठी पुन्हा वापरण्याजोगे होतात. हा खर्च नव्या लॅपटॉपच्या तुलनेत बराच कमी असतो.

संचालन प्रणालीचा पाठिंबा संपणे हे बदलाचे दुसरे कारण होय. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आवश्यक आहे. मान्य प्रक्रियकांच्या यादीत काही अपवाद वगळता इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचे प्रक्रियक येतात. त्याआधीच्या यंत्रांवर लिनक्स वापरण्याचा पर्याय उपलब्ध असतो.

नाव व क्रमांकाचा अर्थ

कोअर आय३, आय५, आय७ ही नावे एकाच पिढीतील श्रेणी दर्शवतात. वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना केवळ या नावांवरून करता येत नाही. उदाहरणार्थ, सातव्या पिढीतील कोअर आय७-७५००यू मध्ये दोन गाभे (कोअर) आहेत, तर आठव्या पिढीतील कोअर आय५-८२५०यू मध्ये चार गाभे आहेत. दोहोंची आधारभूत वीजमर्यादा १५ वॅट आहे. ‘आय७’ हे नाव वरच्या श्रेणीचे असले, तरी अनेक कामे एकाच वेळी करताना नंतरचा ‘आय५’ सरस ठरतो. इंटेलने २०२३ च्या अखेरीस कोअर अल्ट्रा मालिका आणली आणि नव्या नावांतून ‘आय’ हे अक्षर वगळले.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत चार अंकांपैकी तिसरा अंक आतील रचनेची पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये झेन २ रचनेचे चार गाभे आहेत, तर रायझन ५ ७५३०यू मध्ये झेन ३ रचनेचे सहा गाभे आहेत. नावात केवळ एका अंकाचा फरक असला तरी दोन्ही प्रक्रियक भिन्न कुवतीचे आहेत.

क्रमांकाच्या शेवटचे अक्षरही महत्त्वाचे असते. ‘यू’ हे कमी वीज घेणाऱ्या, तर ‘एच’ व ‘एचएक्स’ ही अधिक शक्तिशाली व अधिक तापणाऱ्या प्रक्रियकांची खूण आहे.

गिगाहर्ट्झ आणि गाभे

गिगाहर्ट्झ हा आकडा प्रक्रियकाच्या स्पंदनांची गती सांगतो. एका स्पंदनात किती काम होते, हे तो सांगत नाही. २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओ मालिकेतील १.८६ गिगाहर्ट्झचा प्रक्रियक ३ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ पेक्षा अधिक काम करीत असे. त्याचप्रमाणे गाभ्यांची संख्याही एकट्याने पुरेशी माहिती देत नाही. २०२२ च्या कोअर आय३-१२१५यू मधील सहा गाभ्यांपैकी दोन वेगवान, तर चार वीज वाचवणारे आहेत.

ग्रामीण भागातील निकष

जालना जिल्ह्यातील जाफराबाद हे तालुक्याचे ठिकाण आहे. अशा गावांत विद्यार्थी, शिक्षक, छायाचित्रकार व सेवा केंद्रचालक यांच्या गरजा भिन्न असल्या, तरी पुढील बाबी सर्वांना लागू पडतात.

तापमान: मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. अनेक उत्पादक लॅपटॉपच्या वापरासाठी सुमारे ३५ अंशांपर्यंतची मर्यादा सांगतात. चिप ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की प्रक्रियक आपली गती स्वतःहून कमी करतो. त्यामुळे पातळ लॅपटॉपमधील शक्तिशाली प्रक्रियकाचा पूर्ण लाभ उष्ण खोलीत मिळत नाही.

वीजपुरवठा: ४५ वॅट-तासांची बॅटरी सरासरी ९ वॅट वापरावर सुमारे ५ तास चालते, तर १८ वॅटवर अडीच तास. भारनियमन असलेल्या ठिकाणी हा फरक निर्णायक असतो.

उपकरणांची सुसंगती: सेवा केंद्रांत बोटांच्या ठशांची यंत्रे व डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरले जातात. काही लॅपटॉप एआरएम रचनेच्या प्रक्रियकांवर चालतात. स्नॅपड्रॅगन एक्स मालिका हे त्याचे उदाहरण होय. विंडोज असलेल्या अशा लॅपटॉपवर उपकरणाचा ड्रायव्हर त्याच रचनेसाठी तयार केलेला असावा लागतो. तो नसल्यास उपकरण चालत नाही. जुन्या मराठी अक्षरजुळणी प्रणालींची हार्डवेअर कळही याच कारणाने तपासून घ्यावी लागते.

कामानुसार निवड

लेखन, ऑनलाइन वर्ग व अर्ज भरणे यांसाठी इंटेल एन१०० सारखा चार गाभ्यांचा प्रक्रियकही पुरतो. मोठे हिशेबपत्रक, प्रोग्रॅमिंग आणि एकाच वेळी अनेक कामे यांसाठी अलीकडच्या पिढीतील आय५ किंवा रायझन ५ योग्य ठरतो. चित्रफीत संपादन व त्रिमितीय आरेखन यांसाठी ‘एच’ श्रेणीचा विचार केला जातो. रक्कम मर्यादित असल्यास एक श्रेणी खालचा प्रक्रियक, १६ जीबी रॅम आणि एसएसडी हे एकत्रित पर्याय वरच्या श्रेणीचा प्रक्रियक व ४ जीबी रॅम यांपेक्षा सामान्य वापरात अधिक उपयुक्त असतात. काही लॅपटॉपमध्ये रॅमही पटलावर कायमची जोडलेली असते. त्यामुळे ती नंतर वाढवता येते का, हे खरेदीपूर्वी पाहणे आवश्यक असते.