संमती पालकांची, चिंता मालमत्तेची

आपल्या घराण्याचा पूर्वेतिहास शोधणाऱ्या इंग्रज माणसाला पॅरिशच्या जुन्या विवाह-नोंदवहीत क्वचित ‘पालकांच्या संमतीने’ असा शेरा आढळतो. बहुतेक नोंदींत तो नसतो. शेरा नसेल, तर वधूवर सज्ञान असावेत किंवा घरच्यांना न जुमानता त्यांनी विवाह केला असावा, असा तर्क करण्याचा मोह होतो. दोन्ही तर्क फसवे आहेत. त्या शेऱ्याचा अर्थ समजण्यासाठी तत्कालीन कायद्यामागील अर्थकारण पाहिले पाहिजे.

१७५३ पूर्वी इंग्लंडात मुलगा चौदा आणि मुलगी बारा वर्षांची असली, की पालकांच्या संमतीवाचून झालेला विवाहही कायदेशीर ठरत असे. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या परिसरात थोड्या पैशांसाठी कोणाचेही लग्न लावून देणारे पाद्री होते. श्रीमंत घराण्यांतील वारस मुलेमुली अशा विवाहांत अडकू नयेत, या चिंतेतून लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांचा कायदा १७५३ साली संमत झाला आणि २५ मार्च १७५४ पासून अमलात आला. कॉमन्समध्ये त्याला कडाडून विरोध करणाऱ्या हेन्री फॉक्स यांनी १७४४ साली रिचमंडच्या ड्यूकच्या कन्येशी तिच्या आईवडिलांच्या मर्जीविरुद्ध गुप्तपणे विवाह केला होता.

या कायद्याने विवाहाचे दोन मार्ग ठेवले. तीन रविवारी चर्चमध्ये जाहीर पुकारा करून होणाऱ्या विवाहास पालकांनी उघड हरकत घेतली नाही, तर तेवढे पुरेसे होते. येथे मौन हीच संमती. पैसे भरून परवाना काढणाऱ्यांपैकी कोणी एकवीस वर्षांखालील असेल, तर मात्र प्रत्यक्ष संमती अनिवार्य होती; अपवाद फक्त विधवा व विधुरांचा. संमतीचा शेरा परवान्याच्या विवाहापुरताच अपेक्षित असल्यामुळे पुकारा करून लग्न करणाऱ्या गरीब मजुराच्या नोंदीत तो नसणे स्वाभाविक होते. त्यावरून त्याचे वयही कळत नाही आणि आईबापांची मर्जीही.

संमती कोणाची, हेही कायद्याने ठरवून दिले होते. पहिला अधिकार पित्याचा; त्याच्या मागे कायदेशीर पालकाचा. तोही नसेल तर आईचा, पण तिने पुनर्विवाह केलेला नसेल तरच. अनौरस अज्ञान मुलांच्या बाबतीत तर जन्मदात्यांची संमतीही पुरेशी नाही, असा निवाडा १७९९ साली झाला. अशा मुलांसाठी चॅन्सरी न्यायालयाकडून पालक नेमून घेणे आवश्यक होते. सामान्य कुटुंबाला हा खर्च झेपणार कसा?

परिणाम मात्र दारुण होते. परवान्याने पण संमतीवाचून झालेला अज्ञानाचा विवाह मुळातच रद्दबातल ठरे. अनेक वर्षे संसार केल्यानंतरही पती आपल्या त्या वेळच्या अज्ञानत्वाचा दाखला देऊन मोकळा होऊ शके. पत्नीचा आधार जाई आणि मुले अनौरस ठरत. संरक्षणासाठी केलेला कायदा अशा रीतीने जबाबदारी झटकण्याचे साधन बनला. १८२२-२३ च्या कायद्यांनी ही तरतूद काढून टाकली. विवाह टिकू लागला. खोटी शपथ घेणाऱ्यास मात्र त्या विवाहातून मिळणाऱ्या मालमत्तेला मुकावे लागे. येथेही कायद्याची नजर मालमत्तेवरच खिळलेली होती.

बारा आणि चौदा ही किमान वये मात्र इंग्लंडात १९२९ पर्यंत कायम राहिली. प्रत्यक्षात अठराव्या शतकातील सामान्य इंग्रज स्त्री-पुरुष विशीच्या मध्यास विवाह करीत, हे केंब्रिजच्या लोकसंख्या-इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. तरीही कायदा तोच होता. भारतातील बालविवाहांवर टीका करणाऱ्या राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या देशात किमान वय सोळा झाले, ते ज्या वर्षी येथे सारडा कायदा संमत झाला त्याच वर्षी. सज्ञानतेचे वय १९७० साली एकविसावरून अठरावर आले आणि २७ फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंड व वेल्समध्ये विवाहाचे किमान वयही अठरा झाले. त्यामुळे पालकांच्या संमतीचा प्रश्नच तेथे संपुष्टात आला.

नोंदवहीतील शेरा म्हणूनच जपून वाचला पाहिजे. पालकांनी होकार दिला, एवढेच तो सांगतो. विवाह करणाऱ्या मुलीची स्वतःची इच्छा काय होती, याचा त्यात मागमूसही नसतो.