किपलिंगची पाणचक्की

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचं शेवटचं घर इंग्लंडच्या ससेक्समध्ये, बर्वॉश गावात आहे. नाव बेटमन्स. घर १६३४ चं आणि देखणं, पण मला विचाराल तर तिथला खरा ठेवा बागेच्या टोकाला, डडवेल नावाच्या छोट्या नदीकाठी आहे : अठराव्या शतकातली पाणचक्की.

१९०२ मध्ये घर घेतल्यावर किपलिंगने चक्कीचं चाक काढून तिथे टर्बाइन आणि जनित्र बसवलं. सल्ला दिला नाईलवरच्या आस्वान धरणाचे अभियंते विल्यम विलकॉक्स यांनी! तळ्यात साठलेल्या पाण्यावर रोज संध्याकाळी सुमारे चार तास साठ वॅटचे दहा दिवे लागत.

त्याच वर्षी त्याने 'बिलो द मिल डॅम' ही कथा लिहिली. तिच्यात चक्कीचं चाक आणि पाणी गप्पा मारतात. चक्कीतली मांजर आणि काळा उंदीर जुन्याला चिकटून बसतात आणि शेवटी विजेचा उजेड पडतोच. किपलिंगचा साम्राज्यवाद मला मुळीच पटत नाही, पण यंत्राला असं बोलतं करणारा लेखक विरळाच. त्याच्या 'पक ऑफ पूक्स हिल' या पुस्तकातली मुलंही याच परिसरात बागडतात.

१९७०च्या दशकात स्वयंसेवकांनी चक्की दुरुस्त केली आणि जात्यातून पुन्हा पीठ पडू लागलं. घर आता नॅशनल ट्रस्टकडे आहे. जाणार असाल तर दळण चालू असेल असा दिवस आधी विचारून ठरवा आणि टर्बाइन बघितल्याशिवाय परतू नका.